सगळं एकट्याने ओढू नका: मंडळीत एकमेकांना पूरक अशी टीम कशी बांधायची

सलाम सगळ्यांना.

गेल्या वर्षभरात चार जणांनी मला जवळजवळ एकाच शब्दांत विचारलं, की मला मंडळीत (म्हणजे आपल्या चर्चमध्ये) अमुक जबाबदारी दिलीय (कोणाला तरुण संघ, कोणाला नाताळची कमिटी, एका ताईला तर अख्खी संडे स्कूल) आणि आता माणसंच मिळत नाहीत, टीम करू कशी. चौघांना फोनवर तासतासभर तेच सांगून झालं, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे अपेक्षा जास्त ठेवणार नाही. मी पाळक (पास्टर) नाही, सेमिनरीत म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात गेलेलो नाही. मकरपुऱ्याला जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) शिफ्ट सुपरवायझर आहे आणि आमच्या बडोद्यातल्या छोट्या मराठी मंडळीत आठ वर्षं कमिटीवर आहे. त्यातली पहिली पाच वर्षं मी धडाधड चुका केल्या आणि गंमत म्हणजे त्याच पाच वर्षांत माझं सगळ्यात जास्त कौतुक झालं. हॉलची चावी माझ्याकडे, माइकचं कपाट माझ्याकडे, हिशोबाची वही माझ्याकडे, खुर्च्या लावायला मी, उचलायला मी. लोक म्हणायचे काय सेवाभाव आहे बघा. मलाही तसंच वाटायचं. मनुष्याचा पुत्र (म्हणजे येशू) सेवा करून घ्यायला नाही तर करायला आला हे बायबलमधलं, मार्कच्या दहाव्या अध्यायातलं वचन मला तोंडपाठ होतं, आणि त्याचा अर्थ मी असा लावला होता की जो पुढारी आहे त्याने सगळं स्वतः करायचं.

मग ऑगस्ट २०२४ चा पूर आला. बडोद्याच्या लोकांना सांगायला नको. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट आणि पाणी ३५ च्याही वर गेलेलं, समा, अकोटा सगळीकडे घरात पाणी. आमच्या मंडळीने खिचडीची पाकिटं करायचं ठरवलं. तांदूळ कोण देणार, टेम्पो कोणाचा, कोणत्या सोसायटीत म्हातारी माणसं अडकलीत, सगळे नंबर माझ्या फोनमध्ये. आमच्याकडे लाइट नव्हती, दुपारी फोन बंद पडला आणि सगळं ठप्प. तिकडे मावशी चूल पेटवून बसलेल्या, तांदूळ आलाच नाही. टेम्पोवाला तासभर उभा राहून निघून गेला. आणि मी गुडघाभर पाण्यात उभा, चार्जर शोधतोय.

काम कोणी सुरू केलं माहितीये? आमच्या एका आजीने. त्यांना गुडघ्यांमुळे दोन वर्षं उपासनेलाही येता येत नव्हतं. त्यांच्याकडे जुना लँडलाइन होता, तो चालू होता, आणि एक डायरी होती त्यात अख्ख्या मंडळीचे नंबर पेनाने लिहिलेले. मावशींचा फोन आल्यावर त्यांनी घरबसल्या तांदूळवाल्यांना मावशींकडे वळवलं, टेम्पो परत बोलावला. संध्याकाळपर्यंत ३०० पाकिटं गेली. मला हे सगळं रात्री कळलं.

त्या आजीला आम्ही दोन वर्षांत एकही काम दिलं नव्हतं. "त्यांना कशाला त्रास" म्हणून.

तर आता पायऱ्या.

सुरू करण्याआधी काय काय लागेल

- शंभर पानी वही. एक्सेल नंतर करा, आधी वहीच. मीटिंगमध्ये लॅपटॉप उघडला की अर्धे लोक गप्प बसतात.
- मंडळीच्या सभासदांचं रजिस्टर किंवा फोन यादी, ताजी. आमच्या यादीत देवाघरी गेलेल्या दोघांची नावं होती, लाज वाटली.
- वर्षाचं कॅलेंडर: उपासकाळ (ईस्टरआधीचे उपासाचे दिवस), पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर), हंगामाचा सण, नाताळ, शिवाय शाळेच्या परीक्षा आणि नवरात्र (बडोद्यात गरब्याच्या नऊ रात्री कुठलीही मीटिंग ठेवू नका, अर्धा तरुण संघ मिळणार नाही, आणि रस्त्यात अडकाल ते वेगळंच).
- बायबल. वचनं पाठ असली तरी समोर उघडून ठेवा, कारण पाठ असलेल्या वचनाचा आपण सोयीचा अर्थ लावतो, वर सांगितलंच.
- पाळकांची परवानगी. हे पहिल्या दिवशी. त्यांना बाजूने कळलं तर ते बरोबर नाही.
- आणि चेवडा. आमच्याकडे लीलो चेवडो, बडोद्याचा मऊ ओलसर चिवडा. मी चेष्टा करत नाहीये, खाणं असलं की माणसं पाऊण तास जास्त थांबतात आणि खरं बोलणं त्याच पाऊण तासात होतं.

१. आधी स्वतःची यादी: मला काय जमत नाही

सगळे इतरांच्या गुणांपासून सुरू करतात. उलटं करा. वहीचं पहिलं पान तुमचं, आणि त्यावर तुम्हाला काय येत नाही ते लिहा. माझ्या पानावर होतं: दुःखात असलेल्या माणसाजवळ बसायला जमत नाही, मी लगेच उपाय सांगायला लागतो. हिशोब वेळेवर लिहीत नाही. नवीन माणसाशी बोलताना चाचरतो. सुरू केलेलं शेवटपर्यंत नेतो पण नवीन काही सुचत नाही.

हे पान पहिल्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवा. मला घाम फुटला होता. पण त्यानंतर काय झालं की एक काका म्हणाले, "हिशोब मला दे की रे, तीस वर्षं रेल्वेत तेच केलं मी." पाच वर्षं ते माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर बसत होते. मी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःहून सांगितलं नव्हतं कारण मला गरज आहे असं माझ्या वागण्यातून कधी दिसलंच नाही.

मोशेचंही हेच आहे बघा. देवाने बोलावलं तर म्हणतो मला बोलता येत नाही. त्यावर देव त्याला वक्तृत्वाचा क्लास लावत नाही, तुझा भाऊ अहरोन येतोय तो बोलेल म्हणतो (निर्गम ४). आणि तोच मोशे पुढे अठराव्या अध्यायात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलेला असतो, लोक रांगेत उभे. सासरा इथ्रो येतो आणि सरळ सांगतो हे तू करतोस ते बरं नाही, तूही झिजशील आणि लोकही. मला यात आवडतं ते हे की चूक सांगणारा माणूस बाहेरचा होता, पाहुणा. आतल्यांना सवय झालेली असते.

२. पदं नको, कामं लिहा

सेक्रेटरी, खजिनदार, उपाध्यक्ष असं लिहिलंत की संपलं, लोक मानासाठी येतात नाहीतर मानाला घाबरून पळतात. त्याऐवजी एका महिन्यात खरंखरं काय काय घडतं ते लिहा. आमची यादी ४३ कामांची झाली. हॉल उघडणं, प्रभुभोजनाची (उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीची) भांडी धुणं, आजारी माणसाला फोन, एसएसजी या सरकारी हॉस्पिटलला डबा, नवीन कुटुंबाला घरी बोलावणं, जनरेटरचं डिझेल, गीतांची निवड, भाडं भरणं, कोणाच्या पोराची फी राहिली ते हळूच बघणं.

४३ पैकी २६ माझ्या नावावर होती. ती संख्या बघून आमचे पास्टरसाहेब काही बोलले नाहीत, फक्त पान माझ्याकडे फिरवून ठेवलं.

३. माणसं ओळखा, फॉर्म वाटू नका

मी पहिल्यांदा इंटरनेटवरून काढून कृपादानांची (देवाने ज्याला त्याला दिलेल्या गुणांची) प्रश्नावली वाटली होती, शंभरावर प्रश्न, एक ते पाच मार्क द्या. निकाल असा लागला की जवळजवळ सगळ्यांना "प्रार्थना" आणि "आदरातिथ्य" ही दानं आहेत, आणि "नेतृत्व" एकालाही नाही. बरोबरच आहे, मंडळीत कोण स्वतःला पाच मार्क देणार? कॉर्पोरेटमध्ये बेल्बिनचे नऊ टीम रोल (टीममधल्या माणसांचे नऊ प्रकार) वगैरे चालतात, ते वाईट नाहीत, आमच्या कंपनीतही एकदा करून घेतलं होतं, पण ज्या माणसाला आपल्या गुणांबद्दल बोलायला संकोच वाटतो त्याच्यावर कागद चालत नाही.

मग दोन गोष्टी केल्या.

पहिली, चार रविवार उपासनेनंतर मी काहीही काम केलं नाही (हे सगळ्यात अवघड गेलं), फक्त कोपऱ्यात उभं राहून बघितलं. कोण नवीन माणसाकडे जातं, कोण न सांगता कप गोळा करतं, पोरं कोणाभोवती जमतात, कोण शेवटी पंखे बंद करतं, भांडण होतंय असं दिसलं की कोण मध्ये जाऊन विषय बदलतं.

दुसरी, एकेकाच्या घरी जाऊन चार प्रश्न विचारले:

- मंडळीच्या बाहेर लोक तुमच्याकडे कशासाठी येतात? (हा सगळ्यात कामाचा प्रश्न. एका ताईंकडे अख्खी सोसायटी फॉर्म भरायला येते, आम्हाला पत्ताच नाही.)
- शेवटचं कोणतं काम करताना वेळ कसा गेला कळलं नाही?
- कोणतं काम सांगितलं की पोटात गोळा येतो?
- कोणाबरोबर काम करायला आवडेल? आणि कोणाबरोबर नको, हे मला एकट्याला सांगा.

रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात सात दानांची यादी आहे, त्यात उपदेश आणि शिकवण यांच्या शेजारीच देणं, दया करणं, सेवा करणं हीही आहेत, एकाच ओळीत, खालीवर न करता. आपण मात्र मनात उतरंड लावून ठेवतो, वर प्रचार, मग गाणं, मग कुठेतरी तळाशी भांडी. वही भरताना ही उतरंड तुमच्या डोक्यात आहे का ते तपासा.

इथला सापळा सांगतो, मी स्वतः पडलेला. एका ताईचं अक्षर सुंदर होतं म्हणून तिला मिनिट्स लिहायला बसवलं. दोन वर्षं तिने लिहिले. पण तिचं खरं दान लहान मुलं. रडणारं पोर तिच्या कडेवर गेलं की गप्प. "अक्षर चांगलं आहे" हे आम्हाला सोयीचं होतं, म्हणून तेच तिचं दान आहे असं आम्ही ठरवून टाकलं. ती हळूहळू यायची बंद झाली, आणि आता दुसऱ्या मंडळीत संडे स्कूल घेते, छान घेते असं ऐकतो. एखादी गोष्ट येते म्हणजे ती करण्यात जीव आहे असं नाही.

४. जोड्या लावा

दहा जणांची कमिटी करू नका. दोघादोघांची जोडी करा. येशूने शिष्यांना दोघे दोघे पाठवलं (मार्क ६), त्यात काहीतरी शहाणपण आहेच ना. आणि जोडी लावताना सारखे दोघं एकत्र ठेवायचा मोह होतो, ते टाळा. दोन उत्साही माणसं एकत्र आली की नाताळचं नाटक तीन अंकी होतं आणि पडदा कोणीच आणत नाही.

आमच्या चाललेल्या जोड्या अशा:

देणारी आणि मोजणारा. मदतनिधी एका मावशींकडे आहे ज्यांना कोणाची अडचण ऐकवत नाही, लगेच पर्समध्ये हात. त्यांच्याबरोबर ते रेल्वेवाले काका, जे पै-पै लिहितात. मावशी एकट्या असत्या तर निधी दोन महिन्यांत संपला असता, काका एकटे असते तर निधी अजून तसाच पडून असता.

सुरू करणारा आणि संपवणारा. तरुण संघातला एक मुलगा, दर आठवड्याला नवीन कल्पना. त्याच्याबरोबर एक मुलगी आहे, ती फक्त विचारते "मागच्याचं काय झालं?" मराठी ख्रिस्ती लोकांना याचं उदाहरण बाहेर शोधायला नको. ना. वा. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावरचं महाकाव्य सुरू केलं, १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ते अर्धवटच होतं, आणि पुढचे कितीतरी अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्यांचं शाळेतलं शिक्षण जवळजवळ नाहीच.

बोलणारा आणि बसणारा. घरभेटीला असे दोघं पाठवा. पहिला दार उघडून घेतो, दुसरा ऐकतो. दोघेही बोलणारे असले तर आजारी माणूस दमतो, खरंच.

हो म्हणणारा आणि नाही म्हणणारा. यावर थोडं थांबतो. प्रत्येक मंडळीत एक माणूस असतो जो प्रत्येक गोष्टीला "हे जमणार नाही" म्हणतो. आमच्याकडेही आहेत, मी त्यांना तीन वर्षं टाळलं, मीटिंगची वेळ मुद्दाम त्यांच्या औषधाच्या वेळेला ठेवली होती (देव मला क्षमा करो). पुरानंतर आठवलं की पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "खिचडी ठीक आहे, पण पिण्याच्या पाण्याचं काय, आणि तुझा फोन बंद पडला तर?" शब्दशः हे विचारलं होतं. मी म्हटलं होतं काका, जरा विश्वास ठेवा. आता कुठलाही कार्यक्रम ठरला की पहिलं काम, काकांना वही द्यायची आणि म्हणायचं, काय काय बिघडेल ते लिहा. ते खुश, आम्ही वाचलो. अट एकच, लिहून झाल्यावर निर्णय जोडीने घ्यायचा, एकट्या काकांनी नाही, नाहीतर आमचा नाताळ व्हायचाच नाही.

५. जो तक्रार करतो त्यालाच काम द्या (पण शिक्षा म्हणून नाही)

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी मंडळीला सात जण निवडायला सांगितले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावं बघा, स्तेफन, फिलिप्प पासून शेवटच्या निकलावपर्यंत, सगळी ग्रीक. म्हणजे ज्या गटाची तक्रार होती बहुतेक त्याच गटाच्या हातात वाटणी दिली. केवढा विश्वास!

आमच्याकडे भाषेची तक्रार होती. इथली मुलं गुजराती नाहीतर इंग्लिश मीडियमची, घरी मराठी बोलतात पण वाचता येत नाही. गीत सुरू झालं की ओठ हलवत उभी. वडीलधारे म्हणायचे मराठी शिकवा, पोरं म्हणायची उपासना हिंदीत करा, तीन वर्षं हेच. शेवटी पोरांनाच सांगितलं तुम्हीच काहीतरी काढा. त्यांनी मराठी गीतं गुजराती लिपीत टाइप करायला घेतली. शब्द मराठीच, अक्षरं गुजराती. एका वडिलांनी आधी मोठा आवाज केला, टिळकांची भजनं गुजरातीत? पण नंतर तेच पोरांजवळ बसून चुका काढायला लागले. "दुसऱ्या" मधला तो ऱ्या गुजरातीत कसा लिहायचा यावर पाऊण तास चर्चा झाली, मी ऐकत होतो, मला वाटलं आता भांडतील, पण नाही, हसत होते. आता ते वडील आणि ती पोरं हीच आमची गीतांची टीम आहे. अशी जोडी मी कागदावर कधीच लावली नसती.

६. चावी द्या, खरी चावी

काम दिलं पण निर्णय दिला नाही तर ती हमाली झाली. आमचे नियम साधे: प्रत्येक जोडीला ₹२,००० पर्यंत न विचारता खर्च, बिल मात्र हवं. त्यांच्या कामाबद्दल मला कोणी विचारलं तर मी उत्तर द्यायचं नाही, "त्यांना विचारा" म्हणायचं. आणि त्यांनी माझ्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने केलं आणि जमलं तर गप्प बसायचं. जमलं नाही तरी लोकांसमोर गप्प बसायचं.

पहिले तीन महिने काम आधीपेक्षा वाईट होईल हे धरून चाला. खुर्च्या वाकड्या, माइक कुईं करणार, चहा उशिरा. इथेच बहुतेक जण काम परत ओढून घेतात. मीही एकदा घेतलं, तर ज्याच्याकडून घेतलं तो भाऊ सहा महिने कुठल्याच कामाला हात लावत नव्हता.

नहेम्याचा तिसरा अध्याय वाचा, कंटाळवाणा आहे असं वाटतं, नुसती नावं. पण त्यात यरुशलेमचा कोट कोण बांधतंय बघा: सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं बनवणारे आहेत, एक अधिकारी आपल्या मुलींना घेऊन आलाय, आणि कितीतरी जण आपापल्या घरासमोरचाच भाग बांधतायत. गवंडी नाहीत त्यातले बरेच. भिंत सरळ आली असेल का सगळीकडे? मला शंका आहे. पण ५२ दिवसांत झाली. आणि हो, त्याच अध्यायात काही सरदारांनी कामाला मान दिली नाही हेही एका ओळीत लिहून ठेवलंय आणि पुढे गेलेत. तेवढंच करायचं. जो येत नाही त्याच्यावर तीन मीटिंगा घालवायच्या नाहीत.

७. भांडणं होणार

वेगळ्या स्वभावाची माणसं एकत्र आणलीत तर भांडणं होणारच, न होणं हीच उलट काळजीची गोष्ट. मावशी आणि रेल्वेवाले काका दर महिन्याला एकदा तरी अबोला धरतात. मी आधी मध्यस्थी करायचो, आता दोघांना एकच विचारतो, समोरच्याचं कोणतं काम तुम्हाला करावं लागलं असतं तर जमलं नसतं? उत्तर यायला वेळ लागतो. पण येतं.

कधीकधी नाही सुटत. पौल आणि बर्णबा यांचं मार्क या तरुण सोबत्यावरून इतकं बिनसलं की ते वेगळे झाले (कृत्ये १५). पौलाला काम महत्त्वाचं, अर्ध्यात सोडून गेलेला मुलगा नको. बर्णबाला मुलगा महत्त्वाचा. दोघेही आपापल्या दानाप्रमाणेच वागत होते. आणि म्हातारपणी पौल लिहितो मार्कला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). म्हणून जोडी तुटली तर तुटू द्या, नवीन लावा, फक्त कोणालाही "उपयोगाचा नाही" असं वहीत लिहू नका.

८. जिथे दान-बिन काही चालत नाही, नियम चालतो

ही पायरी कोरडी आहे पण वगळू नका.

पैसे: बँकेत दोन सह्या, आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नकोत. कोणाचा नातेवाईक परदेशात असेल आणि त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलेलं असेल, तर तो प्रेमाने पैसे पाठवतो म्हणाला तरी मंडळीच्या खात्यात घेण्याआधी थांबा, विदेशी देणग्यांसाठी एफसीआरएची (विदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी किंवा परवानगी लागते. आधी सीएला विचारा.

मुलं: संडे स्कूलच्या खोलीत कायम दोन मोठी माणसं, दार उघडं. कितीही विश्वासू माणूस असो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) गैरप्रकार कळूनही कळवला नाही तर तोही गुन्हा आहे, "मंडळीचं नाव खराब होईल" हे कारण चालत नाही, आणि चालूही नये.

मदतकार्य: गुजरातेत २००३ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे, २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला. जबरदस्तीने, फसवून किंवा आमिष दाखवून केलेलं धर्मांतर हा त्यात गुन्हा आहे. म्हणून आमचा नियम, मदतीच्या पाकिटात धर्मप्रचाराची पत्रिका टाकायची नाही, प्रार्थनेची अट नाही, कोण कुठल्या धर्माचा विचारायचं नाही. कायदा नसता तरी भुकेल्या माणसाला खिचडीबरोबर अट देणं मला पटलं नसतं, पण नवीन उत्साही पोरांना हे आधी स्पष्ट सांगावं लागतं.

९. दर सहा महिन्यांनी वही परत उघडा

कोण दमलंय, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची बोर्डाची परीक्षा. दमलेल्याला सुट्टी द्या आणि ती सुट्टी जाहीर द्या, नाहीतर लोक कुजबुजतात. प्रत्येक जोडीने आपल्या कामाचं एक पान लिहून ठेवायचं: काय कुठे असतं, कोणाला फोन करायचा, काय विसरायचं नाही. आमच्या जनरेटरचं पान प्लास्टिकमध्ये घालून जनरेटरलाच चिकटवलंय. सगळ्या फोन नंबरांच्या तीन कागदी प्रती आहेत, आणि पहिली प्रत कोणाकडे ते सांगायला नको.

१०. तुमचेही पाय धुऊन घ्या

योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू पाय धुतो हे सगळ्यांना आठवतं, सेवक नेतृत्वावरचं प्रत्येक व्याख्यान तिथूनच सुरू होतं. पण पेत्र पाय मागे घेतो, तुम्ही माझे पाय कधीही धुणार नाही म्हणतो, ते मात्र पटकन वाचून पुढे जातो आपण. मी तो पेत्र होतो पाच वर्षं. सेवा करायला तयार, करून घ्यायला नाही.

आजी आता आमच्या गैरहजेरीच्या टीमच्या प्रमुख आहेत. हॉलमधून एक मुलगी त्यांना यादी पाठवते आणि सोमवारी सकाळी त्या लँडलाइनवरून एकेकाला फोन लावतात, रागावत नाहीत, फक्त "बरा आहेस ना" विचारतात. मागच्या महिन्यात माझी सलग दोन रविवार नाइट शिफ्ट आली, मी कोणाला कळवलं नाही, आणि खरं सांगायचं तर घरी जरा वेगळीही काळजी चालू होती. हॉल वेळेवर उघडला, उपासना झाली, मला कोणाचाही "चावी कुठाय" असा फोन आला नाही. सोमवारी साडेनऊला मात्र फोन वाजला.

"बाळा, दोन आठवडे तुझ्या नावापुढे फुली आहे. काय झालं?"

मी म्हटलं काही नाही आजी, ड्यूटी होती. त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. मग मी सांगितलं.